नदी धुऊन नेते, मग फ्लोरिन साठतं कसं?

प्रश्न : रशियाकडच्या स्टेप (गवताळ) प्रदेशातल्या नदीखोऱ्यांत माथ्यावरच्या काळ्या मातीपेक्षा नदीलगतच्या सखल जमिनीत पाण्यात विरघळणारं फ्लोरिन जास्त असतं, असं वाचलं. पण नदी तर दर वसंतात पुराने जमीन धुऊन काढते ना? – भूगोलाची एक विद्यार्थिनी

उत्तर : पूर धुतो खरा, पण बर्फ वितळतं तेवढेच दिवस. पुढे उन्हाळाभर पाऊस कमी आणि बाष्पीभवन भरपूर. सखल भागात भूजल उथळ असतं. ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं, पाणी उडून जातं आणि विरघळलेलं सगळं मागे राहतं.

मात्र सरसकट प्रत्येक सखल जमिनीला हे लागू करू नका. खरा निकाल कॅल्शियम आणि सोडियम लावतात. कॅल्शियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम विरघळतं. सोडियम फ्लोराइड ४० ग्रॅमच्या आसपास! माथ्यावरच्या चेर्नोझेममध्ये, म्हणजे तिथल्या काळ्या मातीत, खड्डा घेतलात तर खाली चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात, त्यांवर आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. चुन्यातल्या कॅल्शियममुळे फ्लोरिन तिथे अडकतं. एकूण फ्लोरिन तिथेही कमी नसतं बरं का, ते फक्त हलत नाही.

याउलट सखल भागातलं सोलोनेत्झ, म्हणजे तिथली सोडियमने भरलेली चोपण जमीन. वर पिठूळ, फिकट थर. खाली गोल डोक्यांचे मातीचे खांब, सुकले की फावडं दाद देत नाही. सोडा असलेल्या अशा जमिनीत सामू (pH) ९ च्या वर जातो. कॅल्शियमचा कार्बोनेट, म्हणजे चुना, होऊन तो खाली बसतो आणि पाण्यात सोडियमच उरतं. शिवाय हायड्रॉक्सिल (OH⁻) आणि फ्लोराइड (F⁻) हे आयन आकाराने जवळपास सारखे, भारही तोच; त्यामुळे सामूबरोबर वाढलेले हायड्रॉक्सिल चिकणमातीवरच्या फ्लोराइडला हुसकावून त्याच्या जागी बसतात. सुटलेलं फ्लोराइड पाण्याबरोबर फिरायला मोकळं.

माणसाचाही हात आहे. फॉस्फेट खडकात ३-४ टक्के फ्लोरिन असतं, त्यातलं काही सुपरफॉस्फेटबरोबर शेतात येतं. चोपण सुधारायला फॉस्फोजिप्सम, म्हणजे फॉस्फेट खतांच्या कारखान्यात उरणारं जिप्सम, टाकतात, त्यातही ते असतंच. पण त्यातलं कॅल्शियम बरंचसं फ्लोरिन बांधूनही ठेवतं, म्हणून मी त्याला सरळ खलनायक ठरवणार नाही. माझी हरकत निचऱ्याची सोय न करता ते टाकण्याला आहे. कॅल्शियमने मातीतून सोडवलेलं सोडियम खाली गेलं, बाहेर पडलं नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात परत वर येणार.

प्रकल्प करणार असाल तर नुसत्या ‘एकूण फ्लोरिन’च्या आकड्यावर विसंबू नका. रशियात मातीतल्या पाण्यात विरघळणाऱ्या फ्लोरिनची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. तुलना त्याच्याशी करा. नमुने थराथराने घ्या, एकदा पूर ओसरल्यावर आणि एकदा उन्हाळा सरताना, आणि प्रत्येकाबरोबर सामू, कॅल्शियम व सोडियम मोजा.