खेडेगावांत गाडी चालवायला कोणता जीपीएस घ्यावा, मोबाईलला रेंज नसते तिथे?

ज्याचे नकाशे डिव्हाइसमध्येच साठवलेले असतात आणि ज्याला आयुष्यभर फुकट मॅप अपडेट मिळतात तोच घ्या, स्क्रीन किती मोठी, ब्लूटूथ आहे का हे सगळं नंतर बघा. कारण असं की जीपीएसला मोबाईल नेटवर्क लागतच नाही, चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं, अडतं ते नकाशापाशी, ऑनलाइन नकाशा असेल तर रेंज गेली की निळा ठिपका नुसता कोऱ्या स्क्रीनवर फिरत राहतो. दरीत किंवा दाट झाडीत आकाश कमी दिसतं, तिथे नुसत्या जीपीएसपेक्षा ग्लोनास (रशियाची), गॅलिलिओ (युरोपची) या उपग्रह यंत्रणा पण पकडणारा रिसीव्हर बराच बरा पडतो.

घेण्याआधी दुकानातच एवढं करून बघा:
- तुमच्या ओळखीचं एखादं आडवळणाचं गाव टाका, शेवटचे दोन-तीन किलोमीटर बरोबर दाखवतो का
- अक्षांश-रेखांश टाकता येतात का, खेड्यात घर नंबर, रस्त्याचं नाव बऱ्याचदा नसतंच
- कच्चे रस्ते टाळायचा पर्याय आहे का

आणि हो, 'सर्वात जवळचा रस्ता' हे सेटिंग बंदच ठेवा, दोन किलोमीटर वाचवायला तो सरळ बैलगाडीच्या वाटेवर घालतो. फक्त तुमच्या भागाचा नकाशाच कंपनीकडे अर्धवट असेल तर महागडं डिव्हाइसही कामाचं नाही, तेव्हा फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला फुकट नकाशा) चालणारं ऑफलाइन ॲप टाकून बघा, काही भागांत त्यात पायवाटासुद्धा सापडतात.