कापसाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तर मग शेतकरी आयात शुल्कावरून सरकारला दोष का देतात?

तुमचा हा प्रश्न वाचून मी पुढे गेले होते. पण त्याखाली तुम्ही जोडलंय की २०२२-२३ ला शेतकऱ्यांनी हावेपोटी कापूस घरात दाबून ठेवला आणि भाव पडल्यावर ओरड केली, शिवाय शुल्क काढल्यामुळे कापड उद्योगातल्या नोकऱ्या वाचतात. हा 'हाव' शब्द मी आमच्याच घरात, आमच्याच माणसाच्या तोंडून ऐकलाय. म्हणून लिहायला बसले.

माहेर पारोळा तालुक्यात. नऊ एकर, सगळं कोरडवाहू. त्यातलं आठ एकर कापूस. मी जळगावात हिशेबनिशीचं काम करते, त्यामुळे आकडे माझ्या रोजच्या हाताखालचे. आधी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. ती कळल्याशिवाय शुल्काचं काही कळणार नाही.

२०२१ च्या दिवाळीत आबांनी दरवर्षीसारखा सगळा कापूस विकून टाकला. क्विंटलला आठ हजाराच्या आसपास भाव मिळाला. हमीभाव ६०२५ होता, त्यामुळे घरात आनंदच होता. पुढच्या तीन-चार महिन्यांत तोच कापूस दहा हजार झाला, मग अकरा, मग बारा. गावात तेव्हा कापूस कोणाकडे होता? चार मोठ्या खातेदारांकडे आणि व्यापाऱ्यांकडे. मे २०२२ मध्ये खंडी, म्हणजे सरकी काढलेली ३५६ किलो रुई, लाखाच्या वर गेली. आबा रोज संध्याकाळी पारावरून भाव ऐकून यायचे आणि न बोलता जेवायचे. स्वतःच्या शेतातला माल दुसऱ्याच्या गोदामात दीडपट होताना बघणं काय असतं, ते ज्याने बघितलंय त्यालाच विचारा.

पुढच्या हंगामात त्यांनी ठरवलं, या वर्षी घाई नाही. याला तुम्ही हाव म्हणता. मी म्हणते, मागच्या वर्षी बाजारानेच त्यांना हा धडा दिला होता आणि त्यांनी तो मनावर घेतला.

३८ क्विंटल कापूस पुढच्या खोलीत भरला. पलंग ओट्यावर काढला. खिडकीला आतून फळी ठोकली. ठिणगी नको म्हणून दिवा काढून ठेवला, मोबाईलचं चार्जर त्या भिंतीला लावायला बंदी, बिडी ओढणाऱ्याला अंगणातच थांबवायचं. भिंतीवर आजीचा फोटो आहे. कापूस तिच्या हनुवटीपर्यंत आला होता, वर फक्त कुंकू आणि चंदनाचा हार दिसायचा. आई रोज सकाळी त्या ढिगावर चढून फोटोला हात जोडायची.

भाव दिवाळीला नऊ हजार, पौषात सव्वाआठ. रोज संध्याकाळी मी व्हॉट्सअॅपवर भाव पाठवायचे आणि खाली लिहायचे, थांबा. जानेवारीत आबांनी फोन केला, "ताई, अर्धा काढू का?" मी म्हटलं, मार्चमध्ये पुन्हा दहा होईल. मी गाठींच्या अंदाजाचे अहवाल वाचले होते, उत्पादन कमी येणार असं त्यात होतं. उत्पादन कमी म्हणजे भाव जास्त, एवढं सरळ गणित मी केलं.

मार्चपासून घरात खाज सुरू झाली. आधी आईच्या मनगटाला, मग पुतण्याच्या मानेला बारीक तांबडे पुरळ. कापसात किडे झाले होते, डोळ्याला दिसतील न दिसतील इतके. पारोळ्याच्या दवाखान्यात गेलो तर बाकावर आमच्यासारखीच माणसं, प्रत्येकाच्या घरात कापूस. सगळे गच्चीवर झोपायला लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नव्या सालदाराला उचल द्यायची होती, ती उसनवारीने दिली. कापूस तसाच होता.

मे महिन्यात चुलत भावाचं लग्न होतं. सुरतेहून काका आले, आबांचे धाकटे भाऊ. पाहुण्यांना झोपायला जागा नाही, काकांना ओट्यावर टाकलेल्या पलंगावर झोपावं लागलं. सकाळी ते अंग खाजवत उठले आणि मांडवात, सगळ्या सोयऱ्यांच्या समोर म्हणाले, "दादाले हाव सुटनी. बाजार काय कोना बापना शे का?" आबा काही बोलले नाहीत. वाढप्याच्या हातातून त्यांनी पाण्याचा जग घेतला आणि पंगतीला पाणी वाढत निघून गेले. मी तिथेच होते. थांबा म्हणणारी मी होते, हे मी तेव्हा बोलले नाही. आज लिहितेय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाणं घ्यायचं होतं, बीटीची, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या कपाशीची, एक पिशवी ८५३ रुपये. खेडा खरेदीवाला व्यापारी आला, ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका काढला, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणून तोडला आणि ६९०० म्हणाला. वाळून आणि उंदरांनी खाऊन माल ३६ क्विंटल भरला. दिवाळीला ३ लाख ४२ हजार झाले असते, हातात आले २ लाख ४८ हजार ४००.

आता तुमचा प्रश्न.

भाव जगात ठरतो हे खरंच आहे. आमच्या भागाला ते कोणी शिकवायला नको. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि तो भाव कोसळला. तिकडे लढाई संपली म्हणून इकडे सावकाराचं देणं डोक्यावर चढलं. म्हणजे दीडशे वर्षांपासून आम्ही दुसऱ्याच्या घडामोडींवर पेरतोय. त्याबद्दल कोणी सरकारला दोष देत नाही.

दोष देतो तो दाराच्या कडीबद्दल, म्हणजे आयात-निर्यातीच्या नियमांबद्दल. कापसावर ११ टक्के आयात शुल्क फेब्रुवारी २०२१ पासून लागलं. भाव वर गेला तसं १४ एप्रिल २०२२ ला ते उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ऑक्टोबरअखेरपर्यंत. म्हणजे आमचा नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर दार उघडं. २०२५ ला पुन्हा तेच. १९ ऑगस्टला शुल्क उठवलं, ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. वेचणीचा सगळा काळ त्यात गेला. जून-जुलैत पेरणाऱ्याला हे कोणी सांगितलं होतं? आणि त्याआधी ५ मार्च २०१२ ला एका दिवसात निर्यातच बंद केली होती, ओरड झाल्यावर आठवड्याभरात माघार घेतली. भाव चढला की दार हमखास हलतं. पडला की हमीभावाच्या रांगेत उभे राहा, ऑनलाइन नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी माघारी न्या.

वर सांगतात, जागतिक बाजार मोकळा आहे. कुठला मोकळा? अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना किती अनुदान देते यावरून ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला लढवला आणि जिंकला. २०१४ ला अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला, ब्राझीलशी. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले गरीब देश २००३ पासून हीच तक्रार घेऊन उभे आहेत. ज्या भावाशी पारोळ्याच्या कोरडवाहू माणसाने बरोबरी करायची, त्या भावात दुसऱ्या सरकारची मदत आधीच मिसळलेली आहे.

नोकऱ्यांचं म्हणाल तर तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड कामगाराचं पोट मला परकं नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा बांगलादेशावर २० टक्के होतं. त्या खड्ड्यात ११ टक्क्यांची माती टाकून तो भरणार होता का? त्यातही कापड निर्यात करणाऱ्याला निर्यातीच्या मालासाठी लागणारा कापूस शुल्क न भरता आणायची सोय आधीपासूनच आहे. मग सरसकट सगळ्यांसाठी दार उघडून वाचलेल्या नोकऱ्या नेमक्या कुठल्या, ते कोणीतरी दाखवावं. कापड उद्योगात साडेचार कोटी लोक आहेत असं सरकार सांगतं, ते खरं. पण कापूस वेचणाऱ्या बाया कोणत्या रकान्यात धरतात? उन्हात कमरेला ओटी बांधून किलोवर मजुरी घेणाऱ्या, सातपुड्यातून कुटुंबासकट येणाऱ्या पावरा-बारेला बाया. भाव पडला की पहिली कात्री वेचणीला लागते. शेवटची वेचणी सोडून देतात, उभ्या पऱ्हाटीत जनावरं घालतात. ती नोकरी गेल्याची नोंद कुठेच होत नाही.

आणि काकांना एक विचारायचं आहे, कारण त्या मांडवातलं दुसरं वाक्य होतं, "आमनाकडे शेकडो पोरे कापडवर जगतंस." काका, तुमच्या मागावर कापसाचा धागा चढतो का? सुरत पॉलिस्टरवर चालते. कापसावरचं शुल्क राहिलं काय, गेलं काय, उधना-लिंबायतच्या खोल्यांमधल्या आपल्या खानदेशी पोरांच्या पगारात रुपयाचा फरक पडत नाही. ती पोरं तिथे का गेली, हे विचारा. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची मिल, भोंग्यावर गावं उठायची ती सगळी थंड झाली. आता आमच्याकडे कापूस पिकतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, १७० किलोची गाठ बांधली की ट्रक गुजरात-तमिळनाडूकडे. आणि ज्या भुसावळ-सुरत गाडीने आपला तरुण जातो, ती अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत रोज भरून जाते. सूतगिरण्या निघाल्या तशा कर्जात बुडाल्या, त्यातलं राजकारण इथे काढत नाही. पण विकास म्हणजे काय हे मला विचाराल तर, पिकवणाऱ्या तालुक्यात निदान सूत तरी निघावं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगते. २०२२-२३ चा आमचा तोटा शुल्कामुळे झाला असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरपासून शुल्क परत लागू होतं. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव मे २०२२ मध्ये पाउंडाला दीडशे सेंटपर्यंत गेला होता, तो त्या हिवाळ्यात ८० च्या घरात आला, कारण जगभर सुताची मागणीच आटली. मी फक्त उत्पादनाचे अंदाज वाचले, मागणीकडे बघितलंच नाही. शिवाय २०२४-२५ ला शुल्क असूनही आयात ४० लाख गाठींच्या आसपास गेली, त्याआधीच्या वर्षी १५ लाखांच्या आसपास होती. म्हणजे शुल्क ही काही चीनची भिंत नव्हे. आणि आपलं एकरी उत्पादन ब्राझीलच्या पावपट असताना कुठलंही शुल्क कायमचं वाचवणार नाही, हेही मान्य. गुलाबी बोंडअळीने बीटीचं काय केलं ते मी रोज ऐकते. मागणी एवढीच आहे की आयातीचं, निर्यातीचं, शुल्काचं जे काही करायचं ते मे महिन्यात जाहीर करा आणि पुढची दिवाळी होईपर्यंत बदलू नका. म्हणजे कपाशी लावायची की मका, हे तरी माणूस डोळे उघडे ठेवून ठरवेल.

घरात कापूस असलेल्यांनी विचारलंच तर माझा सल्ला तीन भाग करण्याचा. पहिला भाग वेचणीची मजुरी आणि सोसायटीच्या कर्जापुरता लगेच विका. दुसरा संक्रांतीला. तिसरा ठेवायचा असेल तर बुडाला तरी चालेल एवढाच ठेवा, आणि होळीनंतर घरात ठेवू नका. ज्याच्याकडे मोकळी खळवाडी किंवा पत्र्याचं शेड आहे त्याची गोष्ट वेगळी. भावाचा अंदाज सांगणाऱ्या शिकलेल्या पोरीचं ऐकायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

पण हाव म्हणू नका. त्या हंगामात आबांनी वेचणी करणाऱ्या बायांना पहिल्या वेचणीला किलोमागे आठ आणि शेवटच्या वेचणीला दहा रुपये दिले. एकूण साधारण ३४ हजार झाले. कापूस विकला गेला जूनमध्ये. बायांचे पैसे मात्र त्या त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, आईची गळ्यातली पोत सोसायटीत नव्हे तर सोनाराकडे गहाण ठेवून, हातात दिले होते. काका, ती पोत अजून सोडवलेली नाही.