लूम विकू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. आजोबांचे हातमाग होते, वडिलांनी यंत्रमाग घातले. माझ्याकडे आठ लूम आहेत. आधी चादर विणायचो, आता टॉवेल. आठांतले पाचच चालतात. कामगार टिकत नाहीत, सूत उधारीवर, आणि माल व्यापारी म्हणेल त्या भावाला. मुलगा डिप्लोमा करून चाकणला लागलाय. तो म्हणतो, लूम भंगारात घाला, जागा विका आणि पुण्याला या. बायकोलाही पटतंय. माझं वय 52. गिरण्या गेल्या, चादर गेली, उद्या टॉवेलही जाणार असेल तर या गावात पुढे काय आहे, ते खरं सांगा.
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : दादा, तुमच्या पत्राला कोरडं उत्तर मला देता येणार नाही. माझे वडील सोलापुरातल्या एका मिलमध्ये विणाई खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा ते 47 वर्षांचे होते. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात त्यांना लगेच बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. मिल पुन्हा सुरू होणार, थकबाकी मिळणार, असं दर निवडणुकीला कुणीतरी सांगायचं आणि ते हजेरीचं कार्ड ट्रंकेत जपून ठेवायचे. सहा वर्षं अशी गेली. त्या सहा वर्षांत आईनं विड्या वळून आम्हा तिघांना शिकवलं. मिल बंद पडल्याचं दुःख मी कधीच गिळलं, त्या सहा वर्षांचं अजून गिळता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. मिल परत येणार नाही. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. हजारो माणसांना एका भोंग्यावर कामाला लावणारा धंदा आता इथे कुणी काढणार नाही. गावाचं पुढचं पोट भरणार ते लहान-लहान कारखान्यांतून, आणि त्यातला एक तुमचा असू शकतो. तुमचा असेलच, असं मात्र मी म्हणत नाही.

मी बँकेत 31 वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं लूमची कर्जप्रकरणं बघण्यात गेली. ज्यांचे हप्ते थकले, त्यांचा माल वाईट नव्हता. तो बिननावाचा होता. सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कायद्यानं इथल्याच मालाचं, तरी जत्रेत ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी चादर कितीदा तरी पानिपतहून आलेली असते. नाव आपलं, पैसा दुसऱ्याचा. तुमच्या टॉवेलचंही तेच होतंय. तो कुणाच्या दुकानात जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आपल्या गावाच्या चारी बाजूंना देव बसलेत. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, पलीकडे गाणगापूर. तिथल्या भक्तनिवासांना, लॉजना रोज टॉवेल लागतो, आणि धुऊन धुऊन तो विरला की नवा लागतो. काठात लॉजचं नाव विणलेला टॉवेल पन्नास-शंभर नगांत करून द्यायला मोठा कारखाना तयार होत नाही. आठ लूमवाला होऊ शकतो. माझ्या ओळखीच्या एका कारखानदारानं तुळजापूरच्या तीन लॉजपासून सुरुवात केली. पैसे आठवड्यात हातात. व्यापाऱ्याकडे तो तीन-तीन महिने थांबायचा.

दुसरं म्हणजे शिलाई. शाळांचे गणवेश शिवून देशभर पाठवणारं गाव म्हणून सोलापूरचं नाव झालंय, आणि मला आपल्या गावाची सगळ्यात जास्त आशा तिथेच वाटते. शिलाईत कापडापेक्षा हातांना जास्त पैसा मिळतो आणि ते हात आपल्याकडे आहेत. कुंभारीला 2006 साली विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, 2024 च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली. एवढी कष्टाची माणसं एका जागी कुठल्या गावाला मिळतात? माझ्या आईची बोटं दिवसाला हजार विड्या वळायची, छातीत तंबाखूची धूळ घेऊन. त्या बोटांना शिलाई मशीन मिळालं असतं तर, हा विचार मी रोज करते.

पण मग पाणी. उजनी धरण भरलेलं असतं आणि शहरातल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे वर्षानुवर्षं चाललंय. लोक याला घरगुती त्रास समजतात. दादा, हा धंद्याचा प्रश्न आहे. टॉवेल धुवायला, रंगवायला पाणी लागतं हे उघड आहे. न दिसणारं असं की ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी बाई कामावर येत नाही. ती आली तर घरी पिंप कोण भरणार? शिलाई युनिटच्या हजेरीपटावर मी हे डोळ्यांनी पाहिलंय, ठरावीक दिवसांनी खाडे. विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. चांगलं झालं, बाहेरचा खरेदीदार येईल. पण चिमणीसाठी जेवढं गाव भांडलं, तेवढं पाण्यासाठी भांडलं असतं तर आज चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मुलाबद्दल. त्याला परत बोलावू नका. चाकणला तो जे शिकतोय ते इथे उपयोगी पडणारं आहे. मोटारींचे कॅमशाफ्ट सोलापुरात बनून परदेशी जातात, चिंचोळीच्या एमआयडीसीत इंजिनिअरिंगची कामं आहेत. चार वर्षांनी तो स्वतःहून परत येईलही. तोवर रविवारी त्याच्याकडून लॉजचे फोन नंबर गोळा करून घ्या आणि मोबाइलवर नमुन्यांचे फोटो पाठवायला लावा.

आता तुमच्या लूमचं. बंद पडलेले तीन आजच विका. त्या पैशातून आधी सुताची उधारी फेडा आणि शेडची वायरिंग बदला. 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याला आग लागून मालकाच्या घरच्यांसह आठ जीव गेले. तुमच्या शेडवरही घर असेल तर बाहेर पडायला दुसरा जिना हवाच, बाकी सगळं नंतर. जागा विकू नका. नवं कर्ज आत्ता घेऊ नका. मी बँकेतली बाई असून सांगतेय.

आणि एक वही घाला. सूत, वीज, मजुरी, विक्री रोज लिहा. व्यापाऱ्याला गेलेला माल एका पानावर, स्वतः विकलेला दुसऱ्या पानावर. पुढच्या वर्षीच्या दिवाळीला दुसऱ्या पानावरची रक्कम एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचली नसेल, तर उरलेले पाचही विका, शेड एखाद्या शिलाईवाल्याला भाड्यानं द्या आणि पुण्याला जा. माझ्या वडिलांना कुणी अशी तारीख घालून दिली नव्हती.