असेंब्लीत रजिस्टर आणि मेमरी अ‍ॅड्रेसिंग कसं समजून घ्यावं?

तुम्ही विचारलंय, ८०८६ प्रोसेसरच्या असेंब्लीत ‘मूव्ह एएक्स, बीएक्स’ आणि ‘मूव्ह एएक्स, [बीएक्स]’ यात एका कंसानं एवढा काय फरक पडतो (एएक्स, बीएक्स ही त्याची रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा). पहिल्यात बीएक्समधला आकडा एएक्समध्ये येतो. दुसऱ्यात तोच आकडा पत्ता धरून मेमरीत त्या जागी जे ठेवलंय ते येतं. मला हे डोक्यात बसलं ते एक कळ चुकीची दाबल्यामुळं.

कोल्हापुरात डिप्लोमाला होतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ८०८५ या प्रोसेसरचं किट, त्यात सूचनांचे कोड हेक्स आकड्यांत दाबायचे. २०५० वरचा आकडा उचलून २०६० वर ठेवायचा, इतकाच प्रोग्राम. २०५० वर मी ३७ भरला. एच आणि एल या रजिस्टरांच्या जोडीत, म्हणजे एचएलमध्ये, पत्ता घातला: २१, ५०, २० (२१ हा सूचनेचा कोड, मग पत्ता; खालचा बाइट आधी, हे पक्कं लक्षात ठेवा). पुढं ‘मूव्ह ए, एम’चा ७ई दाबायचा (एम म्हणजे एचएलमधल्या पत्त्यावर मेमरीत जे आहे ते), तिथं ७डी दाबला गेला. रन करून २०६० उघडलं तर डिस्प्लेवर ५०. माझा ३७ गेला कुठं? बघत बसलो आणि लख्ख कळलं, ५० हा तर माझ्याच पत्त्याचा मागचा अर्धा भाग. ७डी म्हणजे ‘मूव्ह ए, एल’. स्टोअरमधनं माल आणायचा होता, मी रॅक नंबरची चिठ्ठीच घेऊन आलो.

वडील उद्यमनगरात लेथवर होते, म्हणून मला हे असंच दिसतं. मेमरी म्हणजे स्टोअरचे रॅक, प्रत्येकाला नंबर. रजिस्टर म्हणजे कारागिराच्या हातातलं हत्यार. हातातल्या हत्याराला रॅक नंबर नसतो.

मी चूक दुरुस्त केली, ३७ आला. तेवढ्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “बी रजिस्टरचा अ‍ॅड्रेस सांग.” मी म्हटलं, “सर, त्याला अ‍ॅड्रेस नसतो.” ते म्हणाले, “रजिस्टर म्हणजे छोटी मेमरीच. अ‍ॅड्रेस नाही असं कसं?” तोंडीचे मार्क गेले. आज सांगतो, मी बरोबर होतो. ७ई बायनरीत लिहून बघा: ०१ १११ ११०. ०१ म्हणजे मूव्ह, १११ म्हणजे ए, ११० म्हणजे एम. एलचा कोड १०१, बीचा ०००. रजिस्टरचं नाव त्या तीन बिटांत, सूचनेच्या आतच असतं. सोळा बिटांचा पत्ता लागतो तो मेमरीला.

म्हणून आधी वहीत चौकटी काढा. एकीकडं रजिस्टर, दुसरीकडं पत्ते घातलेली मेमरी, आणि प्रत्येक ओळीनंतर काय बदललं ते पेन्सिलीनं लिहा. ओपकोड (७ई सारखे सूचनांचे कोड) पाठ करायला लावणाऱ्या मास्तरांच्या नादी लागू नका. तुमच्या ८०८६ मध्ये कंसात बीएक्स, बीपी, एसआय, डीआय एवढीच चालतात, एएक्स नाही. सेगमेंटचं, म्हणजे मेमरीच्या विभागांचं, त्यानंतर बघा.

एक मात्र खरं, ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये आर० ते आर७ ही रजिस्टर आतल्या रॅममध्येच असतात आणि त्यांना पत्ते असतात. तिथं परीक्षकांचं म्हणणं चाललं असतं. पण टेबलावर किट ८०८५ चं होतं.