आवडत्या गायकाची मैफल आणि आपली दाद : वाचकांचे प्रश्न

सांगलीत एका लोकप्रिय पार्श्वगायकाचा जाहीर कार्यक्रम नुकताच झाला आणि त्यानंतर सांगली, मिरज, तासगाव व विटा येथील वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली. काहींनी भरभरून कौतुक केले आहे, तर काहींच्या पत्रांत नाराजीचा सूर आहे. तो कार्यक्रम प्रस्तुत सदरलेखकानेही मैदानात बसून ऐकला असल्याने त्यांतील चार प्रश्नांना येथे सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कॉलेजच्या दिवसांपासून मी या गायकाची गाणी ऐकत आले आहे. त्याला समोर बसून ऐकण्याची फार इच्छा होती. पण माझे सर्वांत आवडते गाणे त्याने खालच्या पट्टीत गायले आणि अंतऱ्यातील वरची ओळ आली तेव्हा माइक प्रेक्षकांकडे वळवला. मैत्रीण म्हणते की आपली फसवणूक झाली. मलाही वाईट वाटले, पण त्याच्याविषयी असे बोलताना अपराधी वाटते. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ज्या गायकावर आपला जीव आहे, त्याचे गाणे ऐकून मन खट्टू झाले तर त्यात अपराधी वाटून घेण्याजोगे काहीच नाही. मात्र आपल्या पत्रात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांचा निवाडाही निराळा करायला हवा.

पट्टी उतरवणे ही फसवणूक नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक बंद खोलीत एकेक ओळ हवी तितक्या वेळा गाऊ शकतो आणि त्यांतील उत्तम तुकडे जोडून गाणे सिद्ध होते. जाहीर कार्यक्रमात मात्र तोच गायक मोकळ्या हवेत, फारशी उसंत न घेता, एकामागून एक गाणी सादर करत असतो. शिवाय मुद्रणाच्या वेळचा गळा आणि आजचा गळा एकच नसतो. वय वाढते तशी स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, वरचे स्वर पूर्वीइतके सहज लागत नाहीत, आणि आपला गळा ओळखणारा गायक पांढरी तीनमध्ये (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला ‘सा’ मानून) मुद्रित झालेले गाणे पांढरी दोनमध्ये घेतो. चाल तीच राहते, स्वरास्वरांतील अंतरेही तीच राहतात. परंतु वर्षानुवर्षे ऐकून मूळ पट्टी आपल्या कानात इतकी मुरलेली असते की पहिल्याच ओळीला गाणे खाली बसल्यासारखे वाटते. एखादे कडवे धीर धरला, तर कान नव्या षड्जाला, म्हणजे नव्या ‘सा’ला, सरावतो. आपल्या सांगलीतच १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले यांनी २०२३ मध्ये, वयाला नव्वद वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, दुबईत रंगमंचावर उभे राहून गाणी सादर केली. अशा वेळी तरुणपणीच्या मुद्रणाची फूटपट्टी घेऊन बसणारा श्रोता समोर घडत असलेल्या गाण्यालाच मुकतो, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे. एखादी ओळ श्रोत्यांवर सोपवण्यात आपुलकी असते आणि हजारो कंठांतून ती ओळ उमटताना ऐकणे हाही एक वेगळाच आनंद असतो. पण त्या संध्याकाळी तारसप्तकाची, म्हणजे वरच्या स्वरांची, ओळ जवळ आली की माइक प्रेक्षकांकडे वळत असे, आणि हे एकदा नव्हे, तर वारंवार घडले. गळा साथ देत नसेल तर पट्टी आणखी खाली घ्यावी किंवा ते गाणे यादीतून वगळावे. गाण्याचा जो भाग ऐकण्यासाठी श्रोता आला, नेमका तोच टाळणे योग्य नव्हे. तरीही ‘फसवणूक’ हा शब्द मी राखून ठेवीन, कारण आधी मुद्रित केलेला आवाज लावून नुसते ओठ हलवण्याचे जे प्रकार होतात, त्यांसाठी तो लागतो. येथे तसे झाले नाही. लांब ओळीआधी घेतलेला श्वास माइकमधून स्पष्ट ऐकू येत होता, आणि एका कडव्यात शब्द आठवेना तेव्हा तो क्षणभर थांबला, कीबोर्डवाल्याने तीच ओळ वाजवून त्याला सावरले आणि मग तो हसून पुढे गेला. मला तर त्या संध्याकाळातील तो क्षण फार आवडला.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना आम्ही हौसेने या कार्यक्रमाला नेले. ते जन्मापासून मिरजेचे आणि शास्त्रीय संगीताच्या मैफली ऐकत मोठे झालेले. लोक गाण्याबरोबर टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते, ‘वन्स मोअर’ ओरडत होते, हे पाहून ते मध्यंतरातच घरी जायला निघाले. आमच्या मुलाचे म्हणणे असे की हीच तर खरी दाद. बरोबर कोण? (मिरज)

उत्तर : आपल्या सासऱ्यांचा संताप मी समजू शकतो. ख्यातनाम शास्त्रीय गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी ज्या गावाला आपले घर मानले आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ज्या गावातील मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाची सेवा होत आली, त्या गावातील श्रोत्याचा कान वेगळ्या शिस्तीत घडतो. तेथे दाद येते ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंवा एखादी जागा अशी काही घेतली जाते की ‘वाहवा’ आपोआप तोंडातून निघते. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात आलापी चालू असताना कोणी मधेच टाळ्या पिटल्या तर गायकाची समाधी मोडते.

पण आपल्या मुलालाही परंपरेचा आधार आहे, हे आजोबांना सांगायला हरकत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्या सांगलीने पुढे संगीत नाटकेही डोक्यावर घेतली, आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक कधीच मुकाट बसणारा नव्हता. बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्स मोअर’ मिळत, कथानक थांबे, पद पुन्हा गायले जाई आणि नाटक रात्र रात्र चाले. तेव्हा ‘वन्स मोअर’ हे आजच्या पोरांचे खूळ नसून आजोबांच्याही आजोबांची सवय आहे.

राहिला प्रश्न गाण्याबरोबर वाजवल्या जाणाऱ्या टाळ्यांचा, आणि येथे उत्साहाइतकेच ध्वनीच्या वेगाकडेही लक्ष द्यायला हवे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून पन्नास मीटरवर बसलेल्या श्रोत्याला ठेका सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्या ठेक्यावर त्याने वाजवलेली टाळी परत रंगमंचापर्यंत पोहोचायला पुन्हा तितकाच वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर अर्ध्या सेकंदाचे असते, म्हणजे मागच्या रांगांतील टाळी वादकांच्या कानावर जवळजवळ दोन ठोक्यांच्या मधोमध आदळते. गायक व वादक कानात मॉनिटर, म्हणजे आपलेच गाणे-वादन थेट ऐकवणारी छोटी यंत्रे, घालतात ते याही कारणाने. त्या कार्यक्रमात एका संथ गाण्याच्या वेळी टाळ्यांनी लय ओढली जाऊ लागली, तेव्हा ढोलकीवाल्याने वाजवता वाजवता एक हात उचलून हळूच खाली आणला. पुढच्या दोन-तीन रांगांना ते उमगले, मागच्यांना दिसलेही नाही. म्हणून माझे मत असे की उडत्या चालीच्या गाण्याला टाळ्या अवश्य वाजवाव्यात, संथ गाण्यात मात्र हात आवरून कान द्यावा आणि ओळ संपल्यावर मन भरून दाद द्यावी. सासऱ्यांना पुढच्या वेळी विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त सभागृहातील कार्यक्रमाला न्यावे. मोकळ्या मैदानापेक्षा तेथे त्यांना गाणे अधिक सापडेल.

प्रश्न : आमच्यापुढे बसलेल्या मंडळींनी पूर्ण वेळ मोबाइल उंच धरून चित्रण केले. आम्हाला गायक त्यांच्या पडद्यावरच पाहावा लागला. त्यांना बोलावे की गप्प बसावे? (तासगाव)

उत्तर : बोलावे, पण गाणे संपल्यावर आणि सौम्य शब्दांत. “दादा, एवढे गाणे झाले की फोन जरा खाली घ्या, मागे आई बसली आहे,” असे म्हटले की बहुतेक लोक ऐकतात. आठवण म्हणून एखाद्या गाण्याचे चित्रण करण्याला माझी हरकत नाही. तेही फोन छातीच्या उंचीवर धरून करता येते.

प्रश्न : तिकिटावर वेळ साडेसहाची होती. पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे यांत आठ वाजले. दहाला माइक बंद झाला आणि ज्या गाण्यासाठी सगळे थांबले होते ते राहूनच गेले. प्रेक्षकांनी गायकाच्या नावाने आरडाओरडा केला. शिवाय आमची जागा स्पीकरच्या जवळ असल्याने दुसऱ्या दिवशीही कानात आवाज घुमत होता. (विटा)

उत्तर : आधी कानाविषयी, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. असा आवाज घुमणे म्हणजे कानाला ताण सोसवला नाही याची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी घालून दिलेल्या मानकानुसार पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. घुमणे अद्याप थांबले नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावे. पुढच्या वेळी, निवड करता आली तर, ध्वनिनियंत्रकाचे टेबल जेथे असते त्याच्या आसपासची जागा घ्यावी. तो माणूस आपल्या कानाला ऐकू येईल तसाच सगळा आवाज जुळवत असतो, म्हणून शब्दही तेथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात. स्पीकरजवळच बसावे लागले तर औषधांच्या दुकानात मिळणारे कानातले मऊ बोळे वापरावेत.

गायकावर निघालेला राग मात्र चुकीच्या माणसावर निघाला. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, आणि तो दिवस त्यांपैकी नव्हता. दहाचा काटा सर्वांना आधीपासून ठाऊक होता. तरीही दीड तास हारतुऱ्यांत घालवला गेला आणि त्याची किंमत तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांनी मोजली, याचे मला फार वाईट वाटते. गाणे अर्ध्यावर सोडून जाताना त्या गायकाच्या चेहऱ्यावरही समाधान नव्हते, हे पुढे बसलेल्यांनी पाहिले आहे.

आपण आयोजकांना लेखी कळवावे. तिकिटावरील वेळ, गाणे प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ आणि आपला आसनक्रमांक एवढा तपशील पत्रात असावा, तिकिटाची छायाप्रत जोडावी आणि पुढच्या कार्यक्रमात सत्कार मध्यंतरात दहा मिनिटांत उरकावेत, अशी स्पष्ट मागणी करावी. आपल्यासोबत आलेल्या मंडळींच्याही सह्या घ्याव्यात.