नकार नेमका कोणत्या तारखेला कळला?

कुर्ला पश्चिमेच्या एका वाचकाचं पत्र आहे. पाईप रोडच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीतला वन-बीएचके त्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये ‘घेतला’. म्हणजे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर विसारपावती केली आणि तिच्यावर नोटरीचा शिक्का मारून घेतला. ठरलेली किंमत 92 लाख. दिले 18 लाख, त्यातले 5 रोख. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी विक्रेत्याने कळवलं की सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) मिळत नाही, व्यवहार रद्द समजा, पैसे सावकाश परत करतो. पैसे आले नाहीत. इमारत मात्र आता रिडेव्हलपमेंटला निघाली आहे, आणि एनओसी का मिळत नव्हती याचा उलगडा त्यांना आत्ता होतो आहे. त्यांचा प्रश्न: ‘फ्लॅट मिळेल का, की निदान पैसे?’

अशीच पत्रं भायखळ्याहून, मुंब्र्याहून, मीरा रोडवरूनही येतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे पुन्हा सांगत बसत नाही. स्टेशन पायी गाठता येतं, मुलांची शाळा त्याच गल्लीत आहे, अशा वस्तीत फ्लॅट हातचा जाईल या धास्तीने माणसं एजंटाच्या टेबलावर सही करून मोकळी होतात. ते झालं.

तुमच्या विसारपावतीतलं कलम 7 मी तीनदा वाचलं. ‘बाकी रक्कम सोसायटीची एनओसी मिळाल्यापासून नव्वद दिवसांत द्यावयाची व त्याच वेळी खरेदीखत करावयाचे.’ तुमचं भवितव्य या एका वाक्यात आहे. करारपूर्तीच्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे विक्री करायला लावण्याच्या, दाव्यासाठी मुदतीच्या कायद्याचं, म्हणजे 1963 च्या लिमिटेशन ॲक्टचं, अनुच्छेद 54 लागतं. मुदत तीन वर्षं. ती मोजायची कुठून, याचे दोन मार्ग त्यातच दिलेले आहेत. करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. ‘ठरलेली तारीख’ म्हणजे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल अशी तारीख, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या कलमात अशी तारीख नाही. एनओसी मिळालीच नाही, त्यामुळे नव्वद दिवस सुरूच झाले नाहीत. समोरचे वकील यावर वाद घालतील, घालू द्या. माझ्या मते तुमचं घड्याळ नकारापासून सुरू होतं.

आणि नेमकी तीच तारीख तुम्ही लिहिलेली नाही! ‘दिवाळीच्या आधी, बहुतेक ऑक्टोबरमध्ये.’ 18 लाख गुंतलेल्या माणसाने ‘बहुतेक’ लिहावं? नकार फोनवर आला की व्हॉट्सॲपवर, हेही कळत नाही. तो मेसेज आज रात्री शोधा. मिळाला तर तो फोन विकू नका, बदलू नका, चॅट उडवू नका. पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करून देतील. मेसेज सापडला नाही तर स्वतःच्या विरुद्ध जाईल अशी सर्वात आधीची तारीख धरा. 1 ऑक्टोबर 2023 धरून चाला आणि 30 सप्टेंबर 2026 च्या आत दावा दाखल झालेला असू द्या. त्यातही शेवटचा आठवडा माझ्या हिशेबात नाही. कोर्ट फी, वकीलपत्र, ऑफिसने काढलेल्या हरकती यांत तो सहज जातो.

‘उशीर माफ करून घेता येतो ना?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. मुदतीच्या कायद्यातलं विलंबमाफीचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागतं, दाव्यांना लागत नाही. मुदतीबाहेरचा दावा समोरच्याने तक्रार केली नाही तरी न्यायालयाला फेटाळावा लागतो. कलम 3 तसंच आहे. मधल्या काळात एजंटामार्फत ‘बोलणी चालू होती’ म्हणून मुदत वाढत नाही. विक्रेत्याने मुदतीच्या आत तुमचा हक्क मान्य करून सहीनिशी काही लिहून दिलं असेल तर वेगळं, पण तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही.

एनओसीबद्दल थोडक्यात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरणाला एनओसी मुळात सक्तीची नाही. कमिटीतल्या दोघांना ‘आपल्यातला’ माणूस हवा होता असं तुम्ही लिहिता. कुर्ल्यात कोकणी मुसलमान, उत्तर भारतीय, मराठी, ख्रिस्ती एकाच जिन्याने चढतात, तरी हा आजार आहे. पण पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलंच तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील आहे. मुख्य मुद्दा वेगळाच आहे. विक्रेत्याने एनओसीसाठी अर्ज केला होता का? सोसायटीकडे लेखी विचारा. केलाच नसेल, तर स्वतःच्या कसुरीचा फायदा त्याला घेता येणार नाही, हे तुमच्या बाजूचं सर्वात मजबूत वाक्य ठरेल.

1 ऑक्टोबर 2018 पासून करारपूर्तीचा हुकूम देणं न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेलं नाही, हे तुमच्या फायद्याचं. पण विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या) कलम 16(क) मधली मूळ अट कायम आहे. बाकीचे 74 लाख द्यायला तुम्ही कायम तयार आणि समर्थ होतात, हे सिद्ध करावं लागेल. 2023 चं कर्जमंजुरीचं पत्र जपून ठेवा आणि बँकेकडून आजच्या तारखेचं नवं घ्या. पैसे कोर्टात भरायची गरज नाही, न्यायालयाने सांगितलं तरच.

आता जे वकीलही विसरतात ते. दावा चालू असताना मालमत्ता विकली तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक असतो, असं सगळे समजतात. मुंबईत तेवढं पुरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला 1939 ची मुंबई दुरुस्ती आहे. दाव्याची सूचना, ज्याला आम्ही लिस पेंडन्स म्हणतो, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली की इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या सूचीचा, शोध घेणाऱ्याला दिसते. नोंदवली नाही तर या कलमाचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात हे काम उरका. सोबत मनाई हुकमाचा अर्ज करा, आणि सोसायटीला व बिल्डरला वकिलाचं पत्र द्या. नाहीतर कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार विक्रेत्याच्या नावाने होईल आणि तुम्ही नव्या टॉवरकडे रस्त्यावरून बघाल.

रोख 5 लाखांचं काय? विसारपावतीत त्यांचा उल्लेख आहे, म्हणून लपवायचा प्रश्नच नाही. 2 लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा असेल तर न्यायालयाने आयकर विभागाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं आहे. आयकर कायद्याचं कलम 269 एसएस मोडल्याचा दंड रोख घेणाऱ्यावर बसतो, पण तुमच्याकडे ते पैसे आले कुठून हे तुम्हालाही विचारलं जाईल. आधी तुमच्या सीएला भेटा, मग वकिलाला.

पैसे परत मिळण्याची मागणी दाव्यातच पर्यायी म्हणून स्पष्ट लिहा. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे मागितलं नाही तर मिळत नाही. दिलेल्या रकमेपुरता खरेदीदाराचा फ्लॅटवर बोजा असतो आणि त्याची मुदत बारा वर्षं, असाही एक युक्तिवाद आहे. तो तुमच्या कागदावर किती टिकेल हे मूळ प्रत पाहिल्याशिवाय सांगणार नाही. मुद्रांक शुल्काचंही तसंच. ताबा घेतलेला नाही असं तुम्ही म्हणता, पण मधल्या काळात किल्ली घेऊन कपाट ठेवलं असेल तर गणित बदलतं आणि दंडासह मुद्रांक भरावा लागू शकतो.

दावा सिटी सिव्हिल कोर्टात जाईल. निकाल किती वर्षांनी, हे विचारू नका. मनाई हुकमावर मात्र सुरुवातीच्या महिन्यांत सुनावणी होऊ शकते, आणि विक्रेते बऱ्याचदा तिथेच बोलायला बसतात. तोवर त्याचा किंवा एजंटाचा फोन आला तर ‘जे आहे ते लेखी पाठवा’ एवढंच म्हणा. 18 लाखांऐवजी 10 घेऊन ‘व्यवहार मिटला’ अशा पावतीवर सही मागतील. करू नका.