विचारा मास्तरांना : बर्फ पडला नाही म्हणून पोराला काम नाही, हे खरं का?

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझा मुलगा मेलबर्नला शिकतो. शेत गहाण ठेवून कर्ज काढलं आहे. जूनच्या सुट्टीत तो तिथल्या एका डोंगरावर, जिथे लोक बर्फावरून घसरायला येतात, तिथे कामाला लागणार होता. त्या पैशातून व्याजाचे दोन हप्ते भरतो म्हणाला. जुलै लागला, पैसे नाहीत. विचारलं तर म्हणतो, "आई, बर्फच पडला नाही, म्हणून मालक बोलावत नाही." माझा भाऊ म्हणतो, "पोट्टं थापा मारते. ऑस्ट्रेलियात कोठचा आला बर्फ? डिसेंबरात मॅच पाहतो ना मी, खेळाडू घामानं न्हाऊन निघतात." मी कोणाचं खरं मानू?
— एक आई, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, पोरगं खरं बोलतं आहे. मामाही खोटं बोलत नाही, पण त्याचा ऑस्ट्रेलिया डिसेंबरपुरताच आहे. मेलबर्नची ती कसोटी २६ डिसेंबरला सुरू होते, तेव्हा तिकडे भर उन्हाळा असतो. आपल्याकडे मृग लागतो, बी-बियाण्याच्या दुकानात गर्दी होते, तेव्हा तिकडे हिवाळा. जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, तिला धरून स्कीचा, म्हणजे बर्फावरून घसरायच्या खेळाचा, हंगाम उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ओढतात. तारीख कॅलेंडरात आधीच छापलेली असते, बर्फाला कोणी विचारलेलं नसतं.

मामाला हेही सांगा की हा खेळ तिकडे जुना आहे. कियांड्रा नावाच्या गावी सोनं सापडलं, खाणीवर माणसं जमली, त्यांत नॉर्वेचे लोक होते. १८६१ च्या हिवाळ्यात खाण बंद पडली तेव्हा लाकडाच्या फळ्या पायांना बांधून ही मंडळी उतारावरून सुटली होती. आणि २९ जून १९९४ ला शार्लट पास या डोंगरावरच्या स्कीच्या ठिकाणी पारा उणे २३ अंशांवर गेला होता. ऑस्ट्रेलियातला तो आजवरचा नीचांक.

आता पोराच्या कामाचं. बर्फ पडतो तो आग्नेय कोपऱ्यात : न्यू साऊथ वेल्समधले स्नोई पर्वत, शेजारचे व्हिक्टोरियाचे डोंगर, आणि थोडा टास्मानियात. पण हे डोंगर ठेंगणे. सगळ्यात उंच कॉझिअस्को, तो २२२८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे फरक फार नाही. दक्षिणेच्या महासागरावरून थंड वारे आले की बर्फ, ते चुकले की नुसता गारठा. तिथला हिवाळा बहुतेक वेळ शून्याच्या आसपासच घोटाळत असतो. दीड-दोन अंशांनी हवा ऊबदार झाली की ढग तोच, पण खाली येतो पाऊस. आणि तो पाऊस आधी पडलेला बर्फही धुऊन नेतो.

मी हे पाहिलं आहे. माझी पुतणी वागा वागाला असते, तिने मला हंगामाच्या सुरुवातीला थ्रेडबो या स्कीच्या ठिकाणी नेलं. माझ्या डोक्यात कॅलेंडरवरचं पांढरंशुभ्र चित्र. प्रत्यक्षात सगळा उतार वाळलेल्या गवताचा, तपकिरी, आणि मधोमध एकच पांढरा पट्टा, वरून खाली आलेला. त्या पट्ट्यावर दोनशे माणसं एकमेकांना चुकवत घसरत होती. माणसांना दोरावरून वर नेणाऱ्या पाळण्यातून उतरायच्या जागी चार पोरं होती, कंपनीचं जाकीट घातलेली, हातात फावडी. पाळणा येऊन माणसं उतरली की पायांखालचा बर्फ खरवडला जाई आणि खालची माती दिसू लागे. मग ही पोरं बाजूचा बर्फ ओढून तिथे टाकत, थोपटत, पुन्हा पुढचा पाळणा. खाली बूट भाड्याने द्यायच्या दुकानात छतापर्यंत बूट लावलेले, आणि गल्ल्यावरची मुलगी मोबाइल पाहत बसलेली. तुमच्या मुलाला बोलावलं असतं तरी त्या दिवशी त्याने काय केलं असतं?

तो पांढरा पट्टा आभाळाने दिलेला नव्हता, मशीनचा होता. त्यांना स्नो गन म्हणतात. मला त्या पाहून आपला कूलर आठवला, आणि दोन्हींच्या पोटातलं तत्त्व खरोखर एकच आहे. मे महिन्यात कूलर खोली कशी गार करतो, आणि जूनमध्ये ढग आले की तोच कूलर नुसती चिपचिप कशी फेकतो, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकतं आणि सुकताना उष्णता ओढून घेतं. दमट हवेत सुकतच नाही. स्नो गन पाण्याचे अगदी बारीक थेंब दाबाच्या हवेने उडवते. थोडं पाणी वाटेत सुकतं, उरलेलं त्या गारव्याने गोठतं, जमिनीवर येईतो बर्फ. त्यासाठी ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा उणे दोनच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. रात्र कोरडी असेल तर साध्या थर्मामीटरवर शून्याच्या जरा वरही काम भागतं. हवा दमट असली तर उणे एकलाही मशीन बंद ठेवावं लागतं. म्हणजे आभाळाने दिलं नाही तर मशीन देईल, हाही भरवसा पुरता नाही. तापमान वाढतं तशा या रात्रीही कमी होतात.

आणि तापमान वाढतं आहे, यात आता वाद राहिलेला नाही. १९१० पासून ऑस्ट्रेलियाची हवा सुमारे दीड अंशाने तापली आहे. पेरिशर आणि शार्लट पास या स्कीच्या ठिकाणांच्या मध्ये स्पेन्सर्स क्रीक म्हणून जागा आहे, साधारण १८३० मीटरवर. तिथे १९५४ पासून हंगामभर बर्फाची खोली मोजतात. १९८१ मध्ये ती ३६१ सेंटिमीटरवर गेली, म्हणजे बर्फात दोन माणसं एकावर एक उभी राहिली असती. २००६ मध्ये अख्ख्या हंगामात ८५ च्या वर गेली नाही. आता एवढ्यावरून कोणी म्हणेल, वरखाली तर होतच असतं, आपला पाऊस नाही का होत? होतं, खरं आहे. एल निनोचं वर्ष आपल्याला छळतं तसं बहुधा तिथल्या बर्फालाही छळतं. पण वरखाली होता होता रेघ कुठे चालली आहे ते पाहायचं असतं. १९५० चं दशक संपता संपतापासून तिथल्या बर्फाची कमाल खोली घटत आली आहे, सगळ्यात जास्त घट वसंतात आणि कमी उंचीच्या डोंगरांवर. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने २००३ मध्येच अंदाज दिला होता की वर्षातून एक दिवस तरी बर्फ राहणारा प्रदेश २०५० पर्यंत २२ ते ८५ टक्क्यांनी आक्रसेल. आकड्यांतलं अंतर मोठं आहे, कारण जग धूर किती ओकणार यावर ते ठरतं.

स्कीचं असंच कमी उंचीचं एक ठिकाण सेल्विन. बर्फाची चणचण त्याला आधीपासूनच, त्यात जानेवारी २०२० च्या वणव्यात ते जळून गेलं. पुन्हा बांधून २०२३ मध्ये उघडलं. इतका पैसा ओतणाऱ्यांच्या हिमतीची मला कमाल वाटते, शहाणपणाचं मात्र ठरवता येत नाही.

आता तुमच्या घरचं बोलतो. तुमच्या मुलाचं काम बहुधा 'कॅज्युअल' आहे. तासाचा दर चढा, पण रजा नाही, हमी नाही. बोलावलं तर पैसे, नाही बोलावलं तर नाही. मालकाने फसवलं असं त्यात काही नसतं. त्याला एवढंच विचारा की राहायची खोली मालकाची आहे का आणि काम नसतानाही भाडं कापलं जातं का. तसं असेल तर बर्फाची वाट पाहत डोंगरावर बसण्यापेक्षा मेलबर्नला उतरून गोदामात, हॉटेलात काम धरणं बरं. कॉलेज सुरू झालं की विद्यार्थ्याला पंधरवड्यात ४८ तासांवर काम करता येत नाही, हे त्याला ठाऊक असेलच. ती मर्यादा मोडू देऊ नका, व्हिसावर येतं. बँकेचा हप्ता मात्र शहरातल्या कामावर बेता. बर्फाचे पैसे आले तर वरकड समजा. आणि मामाच्या तोंडावर त्याला काही बोलू नका. परक्या मुलखात रिकामं बसलेल्या लेकराला आधीच लाज वाटत असते.

प्रश्न : मास्तर, तिकडे बर्फ कमी पडला तर आमच्या कापसाला भाव येईल का? मी ऐकलं की तिकडचा कापूस बर्फाच्या पाण्यावर होतो.
— एक कास्तकार, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : अर्धं ऐकलंत भाऊ. स्नोई योजना म्हणून एक अचाट काम तिथे १९४९ ते १९७४ मध्ये झालं. पूर्वेला समुद्राकडे जाणारं पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, मोठी १६ धरणं बांधली, वाटेत वीज काढली. जिंडाबाईन हे जुनं गाव त्यात पाण्याखाली गेलं, लोक वर हलवले. गोसीखुर्दच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. ते पाणी मरे आणि मरम्बिजी या नद्यांत उतरतं, आणि मरम्बिजीच्या खोऱ्यात, ग्रिफिथ-हेच्या बाजूला, आता कापूस उभा असतो. बर्फ सप्टेंबरपासून वितळतो आणि त्याच सुमारास तिकडे सरकी टोबायची वेळ येते. जमून आलेला योग आहे. बर्फाऐवजी पाऊस पडला तर पाणी येतं, पण लवकर वाहून येतं. त्यात आग्नेय ऑस्ट्रेलियात एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊसही १९९४ पासून साधारण ९ टक्क्यांनी कमी झाला आहे. ही योजना चालवणाऱ्या वीज-पाण्याच्या कंपनीने ढगांत सिल्व्हर आयोडाइड हे रसायन सोडूनही पाहिलं, जास्त बर्फ पडावा म्हणून. आपल्याकडे कृत्रिम पावसाची विमानं उडाली होती, तोच प्रकार.

पण तिथला बराचसा कापूस उत्तरेला, क्वीन्सलँडपर्यंतच्या खोऱ्यांत होतो. त्याचा या बर्फाशी संबंध नाही. दुष्काळाचा आहे, २०१९-२० ला पीक पार कोसळलं होतं. आणि तुमच्या भावाचं गणित याहून जवळ आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात ऑस्ट्रेलियाचा ५१,००० टन कापूस, म्हणजे तीन लाख गाठी, दरवर्षी बिनशुल्क येऊ शकतो. लांब धाग्याचा, मशीनने वेचलेला, कचरा कमी. आपल्या गिरण्यांना तो हवाच असतो. भावाचं विचारायचं असेल तर बर्फाआधी आयात शुल्काकडे पाहा.

प्रश्न : सर, चिखलदऱ्याला बर्फाची मशीन बसवता येईल का? पर्यटक वाढतील.
— इयत्ता नववीची विद्यार्थिनी, अचलपूर

उत्तर : बेटा, वरचं कूलरचं पुन्हा वाच. ओल्या फडक्याचा पारा उणे दोनच्या खाली रात्रभर टिकायला हवा, आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपासचं, तेही उष्ण कटिबंधातलं. तिथे गारठा पडतो, तसा नाही पडत. एक दुसरी मशीन असते, कारखान्यातल्या बर्फासारखी. ती कोणत्याही हवेत बर्फाच्या चकत्या पाडते. ऑस्ट्रेलियात माउंट बुलर हा स्कीचा डोंगर आणि वर सांगितलेलं सेल्विन, इथे ती वापरतात. पण तिला वीज आणि पाणी दोन्ही ढिगाने लागतं, आणि उन्हाळ्यात चिखलदऱ्याला पाण्याचे टँकर कुठून येतात हे तुझ्या बाबांना विचार.